चित्रकथांच्या नायकांनी किती बदलावे?

जून १९३८ अशी तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या अमेरिकन मासिकाच्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. ज्या मुलांनी दहा सेंट मोजून तो अंक विकत घेतला, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत आणि त्यांची नातवंडेही प्रौढ झाली आहेत. सुपरमॅन मात्र तिशीच्या फारसा पुढे सरकलेला नाही. मे १९३९ मधला बॅटमॅन, ऑगस्ट १९६२ मधला स्पायडरमॅन यांचीही तीच कथा. मासिके, पुस्तके, चित्रपट, दूरदर्शन आणि आता मोबाइलचा पडदा अशी घरे बदलत ही मंडळी तीन-चार पिढ्यांच्या सोबतीला राहिली. निर्माते गेले, प्रकाशनसंस्थांचे मालक बदलले, ज्या जगात ती जन्मली ते जगही उरले नाही. मग स्वाभाविकपणेच एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. ज्याचा जन्मदाता हयात नाही आणि ज्याच्या मृत्यूची सोय कथेत ठेवलेलीच नाही, अशा पात्राला किती बदलू द्यायचे? आणि ते कोणी बदलायचे?

हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. देशापुढे एवढ्या समस्या असताना मुखवटेधारी वीरांच्या लग्नाची आणि मरणाची चर्चा कशाला, असे एखाद्या ज्येष्ठ वाचकाच्या मनात येणे शक्य आहे. परंतु दिलेला शब्द पाळणे म्हणजे काय, केलेल्या कृतीचे फळ भोगावे लागते म्हणजे काय, याची पहिली ओळख आठ-दहा वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून होत नाही. ती गोष्टींतून होते. आजीच्या गोष्टीची जागा आज ज्या गोष्टींनी घेतली आहे, त्यांची घडण कशी होते हे पाहणे म्हणूनच रिकामटेकडेपणाचे नव्हे.

अशा वादात दोन तट ठरलेले असतात. एका तटाला नायकाच्या अंगरख्याचा रंग बदललेलाही खपत नाही. दुसऱ्याला जुने म्हणून जे जे आहे ते कालबाह्य वाटते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुपरमॅनच्या ब्रीदवाक्यातील 'अमेरिकन जीवनपद्धती' हे शब्द काढून त्या जागी 'अधिक चांगला उद्या' अशा अर्थाचे शब्द घालण्यात येतील, अशी घोषणा झाली, तेव्हा अमेरिकेत मोठा गहजब झाला. मूळ सुपरमॅन नष्ट केला, अशी हाकाटी करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. ते शब्द १९३८ च्या सुपरमॅनच्या तोंडी नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाशवाणीवरील मालिकेने ते त्याला चिकटवले. मूळचा सुपरमॅन उडतही नसे. तो उंच उड्या मारीत असे. आज त्याच्या कथेचे मर्मस्थान मानला जाणारा क्रिप्टोनाइट हा खडासुद्धा आकाशवाणीचीच देणगी. बॅटमॅनची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. आरंभीच्या कथांत तो पिस्तूल बाळगी आणि प्रसंगी माणसे मारीही. १९४० च्या सुमारास संपादकांनी ते बंद करविले. आज बॅटमॅन बंदूक हाती धरत नाही आणि कोणाचा जीव घेत नाही, हा त्याच्या चारित्र्याचा कणा समजला जातो. म्हणजे जिला आपण मूळ परंपरा म्हणून कवटाळतो, तीही पुष्कळदा कोणा शहाण्या माणसाने वेळीच केलेली दुरुस्ती असते. तेव्हा बदल नकोच, ही भूमिका टिकत नाही. प्रश्न बदलाच्या जातीचा आहे.

काही चित्रकथांत काळ मुळी चालतच नाही आणि तसा आवही त्या आणत नाहीत. १९९१ मध्ये 'सकाळ'मधून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी आणलेला चिंटू पुढे दोन दशकांहून अधिक काळ शाळकरीच राहिला. पप्पू, मिनी आणि बगळ्या यांची दहावी कधी आली नाही, जोशीकाकू म्हाताऱ्या झाल्या नाहीत. त्याबद्दल एकाही वाचकाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. प्राण यांनी १९७१ मध्ये 'लोटपोट'साठी घडवलेले चाचा चौधरी लाल पगडी आणि पांढऱ्या मिशांनिशी जसेच्या तसे आहेत. त्यांचा मेंदू संगणकाहून वेगाने चालतो, हे वाक्य भारतात संगणक ही अपूर्वाईची वस्तू होती तेव्हा मुलांना थक्क करी. आज संगणक प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी वाक्य तेच आहे आणि मुले अजून हसतात. हे स्थिर काळाचे जग आहे. कोजागिरीचा चंद्र जसा दरवर्षी तोच असावा लागतो, तसे ते आहे. त्यात काही खोटे नाही, कारण तेथे कोणी काही गमावत नाही आणि मिळवतही नाही.

बेल्जियमच्या एर्जे यांचा टिनटिन याच जातीचा. त्याच्या गुडघ्याखालच्या ढगळ विजारीच्या जागी १९७६ मधील अखेरच्या पूर्ण पुस्तकात जीनची विजार आली, एवढ्यावरही चाहत्यांत कुरकुर झाली. परंतु त्याच टिनटिनचा एक बदल विजारीहून फार महत्त्वाचा होता. १९३०-३१ मधील काँगोवरील कथेत तो आफ्रिकन मुलांना त्यांचा देश बेल्जियम आहे असे शिकवतो. १९४६ मध्ये एर्जेंनी ती कथा नव्याने रंगीत काढली तेव्हा तेथे बेरजेचा धडा आला. लेखकाने आपल्या हयातीत स्वतःच्या हाताने केलेली ही दुरुस्ती होती. ती पुरेशी होती काय, यावर अजून वाद आहे आणि तो असावाच. ज्यांनी परक्यांच्या राज्यात 'तुमचा देश' या शब्दांचा अर्थ भोगला आहे, त्यांना ते चित्र नुसते गमतीचे वाटणार नाही.

खरी गडबड आहे ती तिसऱ्याच जातीच्या कथांत. तेथे काळ चालल्याचा देखावा केला जातो आणि मग गुपचूप घड्याळाचे काटे मागे फिरवले जातात. इटलीचे विचारवंत उम्बेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात हे दुखणे अचूक पकडले होते. नायकाने खरोखर काही केले, लग्न केले, संसार मांडला, तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो. आणि पुढच्या महिन्याचा अंक तर काढायचाच असतो. म्हणून प्रत्येक कथा जणू मागची घडलीच नव्हती अशा स्वप्नवत काळात सुरू होते. एको लिहीत होते तेव्हा निदान ते निरागसपणे चालले होते. पुढे या अडचणीचाच धंदा झाला.

१९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनचा मृत्यू विक्रीस आला. 'विक्रीस आला' हेच शब्द योग्य, कारण अंकाबरोबर काळ्या पिशवीत दंडाला बांधायची शोकाची काळी पट्टीही मिळत होती. लोकांनी रांगा लावून लक्षावधी प्रती घेतल्या. अनेकांनी पिशवी न फोडताच जपून ठेवली, पुढे भाव येईल म्हणून. १९९३ संपण्यापूर्वी सुपरमॅन परतला होता. त्या आधी १९८८ मध्ये बॅटमॅनचा तरुण सहकारी रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, याला जगवावे की मारावे, यासाठी दूरध्वनीवरून मते मागविण्यात आली. प्रत्येक मताला पैसे पडत. जगवण्याच्या बाजूने ५,२७१ आणि मारण्याच्या बाजूने ५,३४३ मते पडली. ७२ मतांनी एक पोरगा मेला. ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. पण मृत्यू झाला तर तो मानावा, इतकी तरी किमान अपेक्षा होती. बॅटमॅनच्या मनावरची ती जखम पुढे पंधरा-सोळा वर्षे अनेक चांगल्या कथांना पुरली. मग २००५ मध्ये जेसन टॉड जिवंत होऊन आला. कारण काय? दुसऱ्या एका पात्राने विश्वाच्या भिंतीवर ठोसे मारले आणि त्या हादऱ्याने मेलेला जागा झाला! आपल्याकडच्या एखाद्या सामान्य मालिकेने असा खुलासा केला असता तर तिची यथेच्छ टर उडवली गेली असती.

परंतु या साऱ्यांहून मनाला लागणारी गोष्ट स्पायडरमॅनच्या लग्नाची आहे. पीटर पार्कर हा मध्यमवर्गीय मुलगा. खिशात पैसे नाहीत, घरी म्हातारी मे काकी, आणि आपल्या बेपर्वाईमुळे काका मारले गेले हा मनावरचा कायमचा भार. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी त्याला घडवले तेव्हाच तो वाढण्यासाठी घडवला होता. तो शाळेतून महाविद्यालयात गेला. १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली आणि त्या कथेने एका पिढीला हे शिकवले की, शक्ती असूनही माणूस कधीकधी कमी पडतो. १९८७ मध्ये त्याचे मेरी जेनशी लग्न झाले. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर नटनट्यांना उभे करून त्या लग्नाचा प्रत्यक्ष सोहळा झाला आणि पौरोहित्य स्वतः स्टॅन ली यांनी केले. म्हणजे वीस वर्षे हे जोडपे वाचकांच्या घरातले होते. त्यांच्यात भांडणे होती, भाड्याची चिंता होती, वियोग होता. प्रामाणिकपणे संसार करणारा नायक ही या वाङ्मयप्रकारातली दुर्मीळ गोष्ट होती.

२००७ मध्ये हे लग्न नाहीसे करण्यात आले. घटस्फोट नव्हे, कोणाचा मृत्यूही नव्हे. गोळी लागून मरणाच्या दारात पडलेल्या काकीला वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन यांनी आपले लग्न एका सैतानाला देऊन टाकले आणि त्याने ते जगाच्या स्मृतीतून पुसून टाकले. संसारी स्पायडरमॅन तरुण वाचकांना म्हातारा वाटतो, असे प्रमुख संपादकांचे मत होते. कथेच्या लेखकानेही शेवटाविषयीची आपली नापसंती जाहीरपणे सांगितली. व्यवहार म्हणून कोणी याचे समर्थन करीलही. पण गोष्टीच्या अंगाने पाहा. ज्या मुलाची सारी कथा 'आपल्या चुकीची जबाबदारी आपण घ्यायची' या एका धाग्यावर पंचेचाळीस वर्षे विणली, त्यानेच संकटात सैतानाशी सौदा करून आपला सर्वांत मोठा शब्द परत घेतला. विवाह हा करार नव्हे, संस्कार आहे असे मानणाऱ्या समाजाला तर हे खटकेलच. पण ज्या देशात तो करार मानला जातो, तेथेही वाचक खवळले. याचे कारण त्यांना पीटर विवाहितच हवा होता असे नाही. आपण वीस वर्षे जे मनापासून वाचले, ते घडलेच नव्हते असे त्यांना सांगण्यात आले होते.

वेताळ पंचविशी ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हा खेळ परिचित वाटेल. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेतो, चालू लागतो, गोष्ट रंगते, राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर. फरक एवढाच की, पंचविशीतला राजा प्रत्येक फेरीत शहाणा होत जातो आणि शेवटी फेऱ्या संपतात. अमेरिकन वीरकथांत फेऱ्या संपत नाहीत आणि राजाला मागची फेरी आठवतही नाही.

गंमत अशी की, ज्या नायकाला आपण मराठीत वेताळ हेच नाव दिले, तो मात्र झाडावर परत जात नाही. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू झाला. १९६४ च्या मार्चपासून 'इंद्रजाल कॉमिक्स'ने तो भारतात आणला आणि १९९० मध्ये ती प्रकाशने बंद होईपर्यंत इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांतून ८०० हून अधिक अंकांच्या पसाऱ्यात तो आपल्याकडे मुरला. नावाची निवड करणाऱ्याला दाद द्यायला हवी. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री तो गावाभोवती फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. चारशे वर्षे जंगलात फिरणाऱ्या त्या पिशाच्चाला याहून समर्पक नाव कोणते मिळाले असते? भारतीय आवृत्तीत आणखीही बदल झाले. मूळ देशाचे नाव बंगालशी घोटाळा करणारे होते, त्याचे 'डेंकाली' झाले. समुद्री चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव 'सिंगा' झाले. त्यांची कारणे उघड आहेत आणि त्याने वेताळाचे काही बिघडले नाही.

बिघडले नाही, कारण वेताळाच्या कथेचा पाया नावांत नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. आपल्यामागून आपले पुत्रही हेच करतील, असे सांगतो. त्यानंतर प्रत्येक वेताळ मरतो आणि त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो. लोकांना वाटते तो अमर आहे. वाचकाला ठाऊक असते की, अमर आहे तो वसा. श्रावणातल्या कहाण्यांमुळे हा शब्द मराठी घरांना समजावून सांगावा लागत नाही. वसा घेणारा माणूस बदलतो, त्याचे वय होते, तो चुकतो, जखमी होतो, मरतो. वसा टाकायचा नसतो. कवटीच्या गुहेत प्रत्येक पिढीच्या पराक्रमाच्या आणि पराभवाच्या बखरी ओळीने लावून ठेवलेल्या असतात; तेथे कोणी मागचे पान फाडत नाही.

आणि या चौकटीत फॉक यांनी केवढे बदल केले! चार दशके लांबलेले डायनाशी लग्न १९७७ मध्ये झाले, पुढे किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. ते लग्न कोणी पुसले नाही. त्याहून महत्त्वाचा बदल राज्यकारभाराचा. गोरा माणूस कृष्णवर्णीयांच्या जंगलावर शतकानुशतके वचक ठेवतो, ही कल्पना वसाहतींच्या काळातली आहे आणि ती तशीच आहे हे मान्य केले पाहिजे. नुकतेच स्वतंत्र झालेल्या देशातील आम्ही मुले ती किती बिनतक्रार गिळत होतो, याचे आज आश्चर्य वाटते. पण आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले, तसे फॉक यांनी त्या देशाला डॉ. लुआगा नावाचा निवडून आलेला आफ्रिकन राष्ट्राध्यक्ष दिला. जंगल गस्ती दलाच्या गोऱ्या कर्नलच्या जागी कर्नल वोरुबू आला. हे बदल कथेच्या बाहेरून ठोकून बसवलेले वाटले नाहीत, कारण अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथच त्यांची मागणी करीत होती. राज्य लोकांचे असावे, हे त्या शपथेला धरूनच होते. टिनटिनच्या पाटीवरचा धडा बदलला गेला. वेताळाच्या देशाचे सरकारच बदलले.

येथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल की, १९३६ चा वेताळ एकविसावा होता आणि आजचाही एकविसावाच आहे. मग तोही घड्याळ थांबवूनच बसलेला नाही काय? हरकत रास्त आहे. मुले मुंगीच्या पावलाने मोठी झाली आणि बाप तेवढाच राहिला. मार्च १९९९ मध्ये फॉक वारले, त्यांच्यामागून टोनी डीपॉल यांनी लेखन हाती घेतले आणि मुलगा किट याला हिमालयातील मठात शिक्षणासाठी धाडून वारसाचा प्रश्न कथेत आणला. आमचे मत विचाराल तर आता एकविसाव्याने जावे. खरोखर जावे, कायमचे, आणि बाविसाव्याने गुहेत उभे राहून शपथ घ्यावी. जगातल्या प्रदीर्घ चित्रकथांत नायकाला मरण्याची मुभा पहिल्या दिवसापासून ज्या एका कथेने दिली आहे, तिनेच ती वापरायची नाही, हे काही खरे नव्हे.

लेखक बदलला म्हणजे पात्र परके होते, हाही समज तपासून पाहावा. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि त्यांचे शिष्य गावबा यांनी ते पूर्ण केले. अर्थात प्रभू रामचंद्र आणि कागदावरचे मुखवटेधारी यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. ती कोणी करू नये. मुद्दा कथनाच्या परंपरेचा आहे. वाल्मीकींनंतर कंबन, तुलसीदास, एकनाथ अशा कितींनी रामकथा सांगितली. प्रसंग वाढले, गळले, भाषा बदलली, लोकाचार बदलला. पण वनवासाला निघालेला राम चौदा वर्षांचा शब्द मोडून सातव्या वर्षी अयोध्येला परतला, अशी सोयीची कथा कोणा थोर कवीने सांगितली नाही. सांगितली असती तर ती रामकथा राहिली नसती, आणि हे ऐकणाऱ्या अडाणी श्रोत्यालाही कळले असते.

या कसोटीवर काही नव्या प्रयोगांकडे पाहिले की निवाडा सोपा होतो. २००४ मध्ये गोथम कॉमिक्सने भारतीय स्पायडरमॅन काढला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मे काकीची माया काकी, बेन काकांचे भीम काका. गावातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवरून झोके घेई आणि त्याला शक्ती एका योग्याने दिली होती. आपल्याकडे त्याचे कौतुक झाले, पण चार अंकांत तो संपला. संपणारच होता. नावे आणि वस्त्रे बदलली, एक राक्षस आणला, पण घटना जवळजवळ त्याच क्रमाने घडत होत्या. मुंबईत एकट्याने राहणाऱ्या, गावाकडच्या भाषेची लाज वाटू लागलेल्या मुलाच्या वाट्याला जे येते, ते त्यात फारसे उतरले नाही. २०२३ च्या चित्रपटात हाच पवित्र पुन्हा आला तेव्हा तो अधिक हसरा, अधिक स्वतःचा होता. बदल वरवरचा नसला की पात्र कसे मोकळे होते, ते तेथे दिसते.

याउलट २०११ मधील माइल्स मोरालेस. समांतर मालिकेतील पीटर पार्कर लढता लढता मेला आणि एका कृष्णवर्णीय शाळकरी मुलाने, आपण वेळेवर धावलो असतो तर तो वाचला असता या टोचणीने, त्याचे काम उचलले. त्याच्या वर्णावरून अमेरिकेत पुष्कळ चिखलफेक झाली. ती करणाऱ्यांना वसा ही कल्पनाच उमगली नव्हती. हा मुलगा कोणाची जागा बळकावत नव्हता. पडलेली पालखी खांदा देऊन उचलत होता. दुर्दैवाने संपादकांचाही धीर सुटला आणि २०१४ मध्ये मेलेला पीटर पुन्हा जिवंत निघाला. माइल्स टिकला, पण त्याच्या आरंभामागचे बलिदान हलके झाले.

आपल्या इंद्रजालमध्येही याचे एक चांगले उदाहरण होते. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी घडवलेला बहादुर हा डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलिसाचा सूड घ्यायला निघालेला हा तरुण सत्य कळल्यावर डाकूगिरीविरुद्ध नागरिकांना संघटित करतो. तो एकदा बदलला आणि पुन्हा मागे फिरला नाही. कुर्ता आणि जीन हा त्याचा वेष मुलांना जितका आवडे, तितकेच हे वळणही पटे.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन गरीब मुलांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे दशकानुदशके ते न्यायालयांच्या पायऱ्या झिजवत राहिले; १९७५ मध्ये, त्यांच्या विपन्नावस्थेची वृत्तपत्रांत चर्चा झाल्यावर, कंपनीने त्यांना वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव दिले. ज्यांनी पात्र घडवले त्यांना त्याच्या लग्नामरणात मत नाही आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्या तिमाही हिशेबावर ते ठरते, हेच या घड्याळ मागे फिरवण्याच्या खेळाचे मूळ आहे. एर्जे यांनी आपल्यामागे टिनटिनची नवी पुस्तके निघू नयेत असे सांगून ठेवले. १९८३ मध्ये ते गेले आणि अपुरे पुस्तक अपुरेच प्रसिद्ध झाले. 'पीनट्स'चे चार्ल्स शुल्झ १२ फेब्रुवारी २००० रोजी वारले, दुसऱ्या दिवशी त्यांची अखेरची रविवारची मालिका छापून आली आणि नवी मालिका पुन्हा कोणी काढली नाही. फॉक यांनी दुसरा मार्ग पत्करला, पण पुढे चालवण्याजोगी शपथ मागे ठेवून.

१ जानेवारी २०३४ रोजी अमेरिकेत १९३८ च्या सुपरमॅनवरील स्वामित्वहक्काची मुदत संपेल आणि पुढच्या वर्षी बॅटमॅनची. मिकी माऊसचा पहिला चित्रपट २०२४ मध्ये मोकळा होताच त्याला खुनी दाखवणारा भयपट तयार झाला. तेव्हा सुपरमॅनच्याही वाट्याला काय काय येईल याची कल्पना करता येते. मात्र त्याच दिवशी कोणत्याही गावातला कोणताही चित्रकार त्याची कथा सांगायला मोकळा होईल, हेही खरे.

मराठीत आज मुलांसाठी चित्रकथा काढू पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे. प्रकाशकाशी करारपत्र करताना ते मानधनाचे कलम नीट वाचतात, पात्राच्या भवितव्याचे कलम बहुधा नसतेच. आपल्यामागून हे पात्र कोणी काढायचे की नाही, काढायचे तर त्याचे काय बदलता येईल आणि काय नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवायला फारसा खर्च येत नाही.